इलेक्ट्रिक कार घरी चार्ज होत नाही? गाडीआधी घराचे अर्थिंग तपासा

आपल्या वस्त्यांमध्ये आता इलेक्ट्रिक कार दिसू लागल्या आहेत. कुणी पगारावर हप्ते बांधून टियागो किंवा कॉमेट घेतली आहे, तर कुणी कर्ज काढून कॅबच्या धंद्यात गाडी लावली आहे. गाडी घरी येते, पहिल्या रात्री १५ अँपिअरच्या पॉवर प्लगला चार्जर लावला जातो आणि हिरव्याऐवजी लाल दिवा लागतो. शोरूममध्ये हीच गाडी व्यवस्थित चार्ज होत होती. कंपनीचा माणूस येतो, बघतो आणि "तुमच्या घराला अर्थिंग नाही" म्हणून निघून जातो. मग ओळखीचा वायरमन येतो. "अहो दादा, काळजी करू नका, आत्ता करून देतो," म्हणतो. सॉकेट उघडतो, एक छोटी वायर टाकतो आणि पाच मिनिटांत गाडी चार्ज व्हायला लागते. घरातले सगळे खूश होतात.

त्या पाच मिनिटांत नेमके काय झाले, हे प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीवाल्याला माहीत असले पाहिजे. कारण बहुतेक वेळा वायरमनने दोष काढलेला नसतो, दोष सांगणाऱ्याचे तोंड बंद केलेले असते. त्याची किंमत पुढे एखाद्या पावसाळ्यात घरातलेच कुणीतरी मोजू शकते.

आधी चार्जिंग सुरू कसे होते ते पाहू, म्हणजे ते कुठे अडते हे आपोआप कळेल.

गाडीसोबत जी वायर मिळते तिच्या मध्ये एक डबा असतो. आपण त्याला चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या आत असतो. त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. घरातली एसी वीज डीसी करून बॅटरीत भरण्याचे काम तो करतो. वायरवरचा डबा हा खरे तर राखणदार आहे. प्लग लावल्यावर तो आधी घराची वीज तपासतो. फेज आणि न्यूट्रल आले का, व्होल्टेज मर्यादेत आहे का, तिसऱ्या पिनेला खरोखरचे अर्थ आहे का, कुठे करंट गळतो आहे का, हे सगळे बघितल्यावरच तो पुढे जातो.

नंतर गनची पाळी. आपल्याकडच्या बहुतेक कारना जी टाइप २ गन लागते तिच्यात सात पिना असतात. पाच पिना विजेच्या (तीन फेज, न्यूट्रल, अर्थ) आणि दोन लहान पिना निरोपाच्या. डबा निरोपाच्या पिनेवर १२ व्होल्टचा सिग्नल ठेवतो. गन गाडीत नीट बसली की तो ९ व्होल्टवर येतो, आणि गाडी "मी तयार आहे" म्हणाली की ६ व्होल्टवर. त्याच सिग्नलमधून डबा गाडीला सांगतो की जास्तीत जास्त किती अँपिअर ओढायचे. एवढे झाले की डब्यातला स्विच "टक्" असा आवाज करून लागतो आणि तेव्हा कुठे गनच्या पिनांमध्ये वीज येते. तोपर्यंत त्या पिना कोरड्या असतात.

हा "टक्" आवाज लक्षात ठेवा. तो आलाच नाही, तर अडचण तपासणीच्या टप्प्यावर आहे: अर्थ, व्होल्टेज, नीट न बसलेली गन किंवा गाडीचा नकार. आवाज आला, चार्जिंग सुरू झाले आणि दहा-वीस मिनिटांनी बंद पडले, तर अडचण लोड आल्यानंतरची आहे: तापलेले सॉकेट, बारीक वायर, पडलेला व्होल्टेज किंवा एमसीबी.

दोष गाडीचा, चार्जरचा की घराचा?

सर्व्हिस सेंटरला फोन करून दोन दिवस वाट बघण्यापेक्षा हे एका संध्याकाळी कळू शकते. तुमचाच डबा घेऊन अशा ठिकाणी जा जिथे दुसऱ्या कुणाची इलेक्ट्रिक कार रोज चार्ज होते. तिथे तुमची गाडी तुमच्याच डब्याने चार्ज झाली, तर गाडी आणि डबा दोन्ही ठीक आहेत. दोष तुमच्या घरात आहे. तिथेही झाली नाही, तर त्या मित्राचा डबा तुमच्या गाडीला लावा. आता चार्ज झाली तर तुमचा डबा खराब. तरीही नाही झाली तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्या.

इथे एक चूक सर्रास होते. "हायवेवरच्या फास्ट चार्जरवर गाडी चार्ज होते, म्हणजे गाडीत दोष नाही," असे लोक म्हणतात. पण फास्ट चार्जर डीसी असतो. तो ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीत वीज भरतो. त्यामुळे ऑनबोर्ड चार्जर पूर्ण बंद पडला असला तरी फास्ट चार्जिंग चालूच राहते. गाडी निर्दोष आहे हे सिद्ध करायचे असेल तर एसीवरच चार्ज करून बघायला हवे.

आणि हो, हे करण्याआधी गाडीच्या स्क्रीनवर आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये चार्जिंगची वेळ कुणी लावून ठेवली आहे का ते बघा. रात्री १२ ची वेळ लावलेली असेल तर संध्याकाळी ७ वाजता गाडी चार्ज होणारच नाही. ८० टक्क्यांची मर्यादा लावली असेल तर ८० ला थांबणारच. हसू येईल, पण यासाठी लोकांनी गाड्या टोइंग करून नेल्या आहेत. गनच्या तोंडात माती, पाणी किंवा मुंग्या आहेत का, गन शेवटपर्यंत बसून लॉक होते का, हेही तेव्हाच बघून घ्या. गाडी तीन-चार आठवडे उभी असेल तर तिची छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असू शकते. मोठी बॅटरी भरलेली असली तरी गाडीचा संगणक या छोट्या बॅटरीवर जागा होतो. तो झोपलेला असेल तर डब्याच्या सिग्नलला उत्तर देणार कोण?

गाडीच्या आत जाड नारिंगी वायरी दिसतात. त्यांना हात लावायचा नाही. त्यात शेकडो व्होल्टचा डीसी असतो. तुमचे आयटीआय झालेले असले तरी ते काम वेगळे आहे.

अर्थिंग: लाल दिव्याचे नेहमीचे कारण

आपल्याकडे खांबावरून जे सिंगल फेज कनेक्शन घरात येते त्यात बहुतेक ठिकाणी दोनच तारा असतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ खांबावरून येत नाही. तो घरमालकाने जमिनीत खड्डा करून, पाइप किंवा प्लेट पुरून स्वतः तयार करायचा असतो आणि तिथून हिरवी वायर घरातल्या प्रत्येक बोर्डापर्यंत न्यायची असते. चाळीत, म्हाडाच्या जुन्या इमारतीत, गावठाणात, टप्प्याटप्प्याने बांधलेल्या घरात हे काम कधी झालेलेच नसते. सॉकेटला वरचे मोठे भोक असते, पण त्याच्या मागे वायरच नसते. कधी खड्डा असतो, पण हिरवी वायर मधल्याच एखाद्या बोर्डात तोडून सोडलेली असते. फ्रिज, टीव्ही, मिक्सर यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही, कारण ते अर्थ आहे की नाही हे तपासतच नाहीत. इलेक्ट्रिक कारचा डबा हे तपासणारे कदाचित तुमच्या घरात आलेले पहिलेच यंत्र आहे.

कारला हे इतके का लागते? कारण कार ही रबराच्या टायरवर उभी असलेली लोखंडाची मोठी पेटी आहे. आत कुठे इन्सुलेशन फाटून करंट बॉडीत आला, तर तो टायरमधून जमिनीत उतरत नाही. तो बॉडीत वाट बघत राहतो. अनवाणी, ओल्या अंगणात उभे राहून कुणी दरवाज्याच्या हँडलला हात लावला की त्याच्या शरीरातून वाट मिळते. अर्थची वायर असेल तर करंटला आधीच सोपी वाट मिळालेली असते.

आता तो पाच मिनिटांचा उपाय. वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रलच्या पिनेतून एक तुकडा काढून अर्थच्या पिनेला जोडतो. डबा तपासतो तेव्हा त्याला फेज आणि "अर्थ" यांच्यात २३० व्होल्ट दिसतात, म्हणून तो समाधानी होतो. पण आता गाडीची बॉडी न्यूट्रलला बांधली गेली आहे. जोपर्यंत न्यूट्रल अखंड आहे तोपर्यंत काही होत नाही. खांबावर, मीटरमध्ये किंवा मेन बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू सैल झाला, तार जळाली, वादळात तुटली, की घरातल्या चालू दिव्या-पंख्यांमधून फेजचा करंट त्या न्यूट्रलवर येऊन थांबतो. म्हणजे त्याच तुकड्यातून गाडीच्या बॉडीवर.

तेव्हा डबा वाचवणार नाही का? नाही. डबा फेज आणि न्यूट्रल तोडू शकतो, अर्थची तार तो तोडत नाही, कारण अर्थ कधीच तुटू नये असा नियम आहे. ती तार प्लगपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत सलग जाते. आपण तिच्यातच न्यूट्रल घुसवलेला असतो. डबा बंद पडलेला, चार्जिंग थांबलेले, लाइट गेल्यासारखी वाटते आणि गाडीला मात्र करंट. न्यूट्रल तुटणे ही आपल्याकडे विरळ गोष्ट नाही. ज्या वस्तीत टीव्ही-फ्रिज एका रात्रीत जळाले आहेत तिथे विचारून बघा, बहुतेक वेळा तेच कारण निघेल.

इंटरनेटवर "अर्थिंग एरर" घालवणारे छोटे प्लग मिळतात. ते हेच काम करतात, फक्त सुबक डबीत. नळाच्या पाइपला किंवा बोअरवेलच्या केसिंगला अर्थ जोडण्याचा सल्लाही मिळेल. पाइप पीव्हीसीचा असेल तर उपयोग शून्य, आणि लोखंडाचा असेल तर तुमच्या गाडीचा दोष शेजारच्या बाईंच्या नळावर जाईल.

अर्थ आहे की नाही हे कसे कळते?

मल्टिमीटर वापरता येत असेल तरच हे करा, नाहीतर परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि समोर उभे राहून आकडे बघा. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट हवेत. फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट, फार तर तीन. फेज-अर्थ मध्ये ७०, ११०, १४० असा डुलणारा आकडा आला तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. तो आकडा खरा नसतो, शेजारच्या वायरीमुळे मल्टिमीटरला होणारा भास असतो.

न्यूट्रल-अर्थ मध्ये अगदी शून्य आले तरी आनंद मानू नका. त्याच सॉकेटच्या लाइनवर इस्त्री किंवा गीझर चालू करून पुन्हा मोजा. लोड आल्यावर न्यूट्रलमध्ये थोडा व्होल्टेज चढतोच. तरीही शून्यच राहिले तर कुणीतरी जवळच न्यूट्रल-अर्थ जोडून ठेवले आहे असा संशय घ्या आणि सॉकेट उघडून बघायला सांगा. जुने घर विकत घेतले असेल तर हे नक्की करा.

जुने वायरमन टेस्ट लॅम्प लावून, म्हणजे फेज आणि अर्थमध्ये बल्ब जोडून बघतात. बल्ब पूर्ण पेटला तर अर्थ चांगले. पद्धत उपयोगी आहे, पण अर्थची वायर खड्ड्यापर्यंत पोचलेली नसेल तर त्या बल्बमधून आलेला करंट घरातल्या सगळ्या अर्थ जोडलेल्या वस्तूंच्या पत्र्यावर जातो. फ्रिजला टेकून कुणी उभे असेल तर? म्हणून हा प्रयोग घरच्या घरी करू नये. आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच तो पडेल, कारण १०० वॉटचा बल्ब जवळपास ४३० मिलिअँपिअर ओढतो आणि आरसीसीबी ३० वरच तोडतो.

शिवाय मल्टिमीटरला "आहे" आणि "चांगले आहे" यातला फरक कळत नाही. हजार ओहमचे निकामी अर्थही त्याला २३० व्होल्टच दाखवेल. त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो. ज्याच्याकडे तो आहे अशा माणसाला बोलवा आणि आकडा लिहून घ्या. घरासाठी ५ ओहमच्या आत आले तर उत्तम समजतात.

महाराष्ट्रात हा आकडा मिळवणे सोपे नाही, त्याचे कारण आपल्या पायाखाली आहे. कोकणापासून विदर्भापर्यंत बराचसा भाग काळ्या बसाल्टच्या कातळावर बसला आहे. वर फूट-दीड फूट माती किंवा मुरूम, खाली दगड. कोरड्या दगडात वीज नीट उतरत नाही. म्हणून खड्ड्यात सुमारे अडीच मीटरचा जीआय पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मीठ भरतात आणि वरून पाणी ओतायला तोंड ठेवतात. मार्च ते मे खड्डा कोरडा पडला की पावसाळ्यात चार्ज होणारी गाडी उन्हाळ्यात अर्थची एरर द्यायला लागते. पाण्याच्या दोन बादल्या ओतल्यावर ती चालू झाली, तर दोष सापडला असे समजा. पण बादल्या हा कायमचा उपाय नाही. ओलाव्याच्या जागी दुसरा खड्डा करून दोन्ही जोडणे, किंवा ओल धरून ठेवणारे मिश्रण घातलेले तयार केमिकल अर्थिंग बसवणे, हा उपाय.

आरसीसीबीशिवाय अर्थही अपुरे

समजा तुमच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स १० ओहम आहे. फेज गाडीच्या बॉडीला चिकटला तर २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर करंट जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी लगेच पडेल असे वाटते ना? पडणार नाही. 'बी' प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी क्षणात पडायला ४८ ते ८० अँपिअर लागतात. २३ अँपिअरवर तो बराच वेळ, अगदी तासभरही, तग धरू शकतो. तेवढा वेळ गाडीची बॉडी जिवंत राहील. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस मरू नये म्हणून नाही.

माणसासाठी असतो आरसीसीबी. बरेच लोक त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला का एवढेच तो बघतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो. कारच्या लाइनला तो हवाच. मात्र जुन्या आरसीसीबीची एक अडचण असते. 'एसी' प्रकारचा आरसीसीबी फक्त एसी गळती ओळखतो आणि कारच्या चार्जरमधून डीसी गळती होऊ लागली तर तो सुन्न पडतो. म्हणून कारसाठी निदान 'ए' प्रकारचा घ्यावा आणि डीसी गळती ओळखण्याची सोय डब्यात आहे का हे माहितीपुस्तकात बघावे. दुकानात ओळखायची खूण सोपी आहे. आरसीसीबीवर चौकटीत फक्त एक लाट काढलेली असेल तर तो 'एसी'. लाटेखाली अर्ध्या लाटांचे कुबड दिसले तर 'ए'.

गाडी लावली की आरसीसीबी पडतो, अशीही तक्रार असते. सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी असेल तर फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन यांची थोडी थोडी गळती आधीच जमलेली असते आणि गाडी त्यात शेवटची भर घालते. गीझरचा स्विच बंद करून गाडी लावून बघा. चार्ज झाली तर दोषी गीझर आहे, आणि ते कळले हे बरेच झाले. आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नव्हे. गाडीला वेगळा आरसीसीबी लावा.

सुरू होऊन बंद पडते तेव्हा

घरगुती चार्जर साधारण ३.३ किलोवॉटचा असतो, म्हणजे १४ अँपिअरच्या आसपास. गीझरही एवढे ओढतो, पण पंधरा मिनिटे. कार सहा-आठ तास ओढते. सॉकेटच्या आतला संपर्क सैल होऊन तिथे फक्त ०.१ ओहम रेझिस्टन्स आला, तरी जवळपास २० वॉट उष्णता त्या एका बिंदूवर तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. रात्रभर प्लॅस्टिकच्या डबीत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखे ते आहे. काही चार्जरच्या प्लगमध्ये तापमान बघणारा सेन्सर असतो आणि तो चार्जिंग थांबवतो. सगळ्यांत नसतो. अर्ध्या तासाने प्लगच्या पाठीला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका नको. पिना काळवंडल्या असतील किंवा सॉकेट पिवळे पडले असेल तर त्याच दिवशी सॉकेट बदला.

वायरचे गणितही करून बघा. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून खाली पार्किंगपर्यंत ३० मीटर वायर टाकली, म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर. १ चौरस मिमीची तांब्याची वायर असेल तर १४ अँपिअरवर १५ व्होल्ट वायरमध्येच पडतील आणि २०० वॉटहून जास्त वीज वायर तापवण्यात जाईल. २.५ ची असेल तर सहा व्होल्ट पडतील. ४ चौरस मिमीची तांब्याची वेगळी लाइन थेट मीटरच्या बोर्डापासून, तिला स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी, शेवटी चांगल्या कंपनीचे १६ अँपिअरचे सॉकेट, अशी मांडणी करून घ्या. मंडप डेकोरेशनचा गुंडाळलेला एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नको. गुंडाळीत उष्णता अडकते.

एमसीबी कधी पडतो यावरून कारण कळते. प्लग लावताच पडला तर शॉर्ट. अर्ध्या-पाऊण तासाने पडला तर उष्णता किंवा कमी क्षमतेचा एमसीबी. पत्र्याच्या बंद बोर्डात, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात १६ अँपिअरचा एमसीबी १४ अँपिअरवरही थकतो. सकाळी घरात गीझर लागल्यावर पडला तर एकूण लोड जास्त. अशा वेळी काही गाड्यांत किंवा चार्जरवर करंट कमी करून १० अँपिअर ठेवता येतो. वेळ जास्त लागेल, पण रात्र मोठी असते. मोठ्या अँपिअरचा एमसीबी लावून प्रश्न "सोडवू" नका. मग एमसीबीऐवजी वायर जळेल.

संध्याकाळी ७ ते १० व्होल्टेज पडून चार्जिंग थांबत असेल तर गाडीतला टायमर रात्री १२ नंतरचा लावा. इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर गाडी चार्ज होत नाही, ही पण तक्रार नाही. त्यांच्या न्यूट्रलचा जमिनीशी संबंध नसतो, म्हणून डबा नकार देतो. जयंतीच्या मिरवणुकीतला जनरेटर गाडी चार्ज करायला वापरू नका. दिवे कधी भगभगून तेजस्वी, कधी मंद होत असतील तर मात्र गाडी, टीव्ही, फ्रिज सगळे काढून मेन स्विच बंद करा. न्यूट्रल सैल झाला आहे. १९१२ या क्रमांकावर लगेच तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

वीज कंपनी, सोसायटी आणि भाड्याचे घर

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, मीटरनंतरची आपली. वीजबिलावर "मंजूर भार" असा रकाना असतो. तिथे १ किंवा २ किलोवॉट लिहिले असेल आणि तुम्ही ३.३ किलोवॉटची गाडी लावणार असाल, तर भार वाढवण्याचा अर्ज करा. केंद्राच्या चार्जिंगविषयक मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या सध्याच्या कनेक्शनवरून स्वतःची गाडी चार्ज करायला मुभा आहे. त्यासाठी कुणी दंडाची भीती घातली तर घाबरू नका. २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली. तीनुसार गाडीसाठी वेगळे कनेक्शनही मागता येते. नवे कनेक्शन देण्याची मुदत महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी खाली आणली आहे. अर्ज ऑनलाइन करा म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. टाळाटाळ झाली तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते, तिथे वकील लागत नाही.

वेगळ्या कनेक्शनचा विचार कॅबवाल्यांनी तर करावाच. २४ युनिटची बॅटरी पूर्ण भरायला नुकसान धरून २६-२७ युनिट लागतात. महिन्यात दहा वेळा भरली तरी घराचे बिल वरच्या टप्प्यात जाते आणि मग पंख्या-दिव्यांचे युनिटही महागात पडतात.

सोसायटीत किंवा विहाराच्या आवारात गाडी उभी राहते म्हणून तिथल्या सामाईक मीटरवर चार्जिंग करण्याचा मोह टाळा. एकतर पैसे सगळ्यांचे, आणि दुसरे म्हणजे त्या कार्यक्रमापुरत्या टाकलेल्या वायरिंगचे अर्थिंग कुणी कधी मोजलेले नसते. भाड्याच्या घरात मालक खड्डा करू देत नसेल तर सरळ सार्वजनिक एसी चार्जरवर जा. थोडे महाग पडेल. न्यूट्रल-अर्थ जोडून घेऊ नका, कारण उद्या तुम्ही घर सोडाल आणि तो तुकडा सॉकेटमध्ये पुढच्या भाडेकरूसाठी तसाच राहील.

काम संपल्यावर वायरमनकडून चार गोष्टी समोर करून घ्या. अर्थचा ओहममधला आकडा बिलावर लिहायला लावा. लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा. सॉकेट बंद करण्याआधी आतला फोटो काढून ठेवा. आणि आरसीसीबीवरचे 'टी' बटण दाबून तो पडतो का ते बघा. हे बटण नंतर दर महिन्याला घरातल्या कुणीही दाबावे. दाबून पडला नाही तर नवा बसेपर्यंत गाडी घरी लावू नका.